डिस्क दिसेना, प्रेमला जेवेना

१३ ऑगस्ट, बुधवार. सकाळ

उशिरा लिहितोय, माफी असावी. श्रावण लागल्यापासून कागदाला पेन लावला नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतंच — पाऊस, औषधं, पुन्हा पाऊस. आज आहे. लिहितोय, कारण मोठ्यानं बोललो तर प्रेमलाला ऐकू जाईल.

डिस्क दिसेना!

काल संध्याकाळपर्यंत चांगली होती. आज टीव्ही लावला, डबा लावला — मुलानं, श्रेयांसनं, बेंगळूरहून आणून दिलेला तो हाताच्या तळव्याएवढा डबा, ज्यातनं टीव्हीवर हवं ते दिसतं. त्याच्या मागं ती काळी डिस्क जोडलेली असते. पडद्यावर तिचं नाव यायचं, तिथं आज रिकामी चौकट.

त्या डिस्कमध्ये आमची लेक सन्मती आहे. दीक्षा घेण्याआधीची. आता ती माताजी झाली. पांढऱ्या साडीत साध्वींच्या संघाबरोबर पायी हिंडते. फोन नाही, घर नाही, आम्ही तिचे कोणी नाही. दीक्षेआधी महिनाभर श्रेयांसनं तिचं सगळं मोबाइलवर धरून ठेवलं — हत्तीवरची मिरवणूक, मेंदी, आणि एका सकाळी आईच्या मांडीवर डोकं ठेवून णमोकार मंत्र म्हणते ते.

मे महिन्यात प्रेमला, तिची आई, न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. देवदर्शनाशिवाय कधी न जेवलेली बाई, तिला बस्तीत, देवळात, जाता येईना. तेव्हा अंथरुणातच, कुणाला न विचारता, तिनं नियम घेतला — सन्मतीच्या तोंडचा णमोकार ऐकल्याशिवाय अन्न नाही. मी म्हटलं, बरं झालं, बटण दाबलं की काम झालं. कसला शहाणा मी!

आणि आम्हा जैनांत दिवस मावळल्यावर जेवण नाही. म्हणजे उजेड आहे तोवर डिस्क चालली तर ठीक. नाहीतर उद्या.

ती आतून विचारते आहे, "लागलं न्हाय अजून?" काय सांगू?

१३, दुपार

श्रेयांसला फोन केला. तो ऑफिसात. हळू आवाजात बोलत होता.

"आप्पा, डब्याची वायर भिंतीतनं काढा. थोडं थांबा. परत घाला."

"थोडं म्हंजे किती रं?"

"अर्धा मिनिट."

"आता घड्याळ बघू का वायर धरू?"

शेवटी दोन वेळा णमोकार म्हणून होईपर्यंत थांबलो. आतून प्रेमला — "अहो, तुमच्या तोंडचा चालत न्हाय हं! उगंच मोठ्यानं म्हणू नका!"

वायर घातली. डबा सुरू झाला. रिकामी चौकट. मग तो म्हणाला, डिस्कची वायर या भोकातनं काढून त्या भोकात घाला. घातली. डिस्क कानाशी धरली तर आत पाल चुकचुकल्यासारखा आवाज. मी श्रेयांसला तो ऐकवला. तो म्हणाला, आप्पा, हा आवाज चांगला नाही. 

"दुसरीकडं कुठं ठेवलेलं न्हाय काय रं?"

"आप्पा, क्लाउडवर ठेवतो म्हणालो तर तुम्हीच नको म्हणाला. घरच्या पोरीला लोकांच्या ढगात कशाला ठेवायचं म्हणाला!"

म्हणालो होतो. खरं आहे.

१३, संध्याकाळ

मोठा अनर्थ होता होता राहिला. 

चारच्या सुमारास डिस्कचा निळा दिवा लागला आणि पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. मला अक्षरं लागतात, पण शब्द पुरा होईपर्यंत मागचं अक्षर विसरतं. खाली दोन चौकोन, एक पिवळा उजळलेला. मला वाटलं, विचारतोय — लावू का? मी रिमोट उचलला. अंगठा बटणावर. तेवढ्यात शेजारची निशा प्रेमलाला बघायला आली. हायस्कूलात शिकवते. दारातूनच ओरडली, "काका, हात काढा! दाबू नका!"

रिमोट हातातून पडला. सेल कोचाखाली गेले.

"काय विचारत हुता गं तो?"

"डिस्क वाचता येत न्हाय, पाटी पुसून कोरी करू का म्हणून विचारालाय!"

 सन्मती माझ्या अंगठ्याखाली होती.

निशानं आपला लॅपटॉप आणला. डिस्क लावली. दिसली! — आणि गेली. परत दिसली, परत गेली. वायर बदलली तरी तेच. श्रेयांस फोनवर म्हणाला, आता हात लावू नका, जितकी फिरवाल तितकी बिघडेल, बेळगावला माणूस आहे त्याच्याकडं न्या.

दिवस मावळला. प्रेमलानं दिवसभरात उकळलेलं पाणी तेवढं घेतलं. म्हणाली, "एक उपास झाला. बरंच झालं, पोट हलकं."

गोळ्या जेवणानंतरच्या आहेत. घेतल्याच नाहीत.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पहिल्या बसनं बेळगावला गेलो. डिस्क पूजेच्या धुतल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर. संकेश्वरपासून गर्दी. सगळ्या बायका, त्यांना तिकीट नाही ना आता! एक बाई म्हणाली, "आजोबा, मूर्ती हाय काय? जरा सरकवा की." मी म्हटलं, मूर्तीच समजा.

तिथं शहापूरच्या एका गल्लीत दुकान. खाली माग चालू, वर जिन्यानं गेलं की ओमकार म्हणून चाळिशीतला माणूस. समोर उघडे पडलेले कॉम्प्युटर. मान वर न करता म्हणाला, "ठेवून जा. सोमवारी या. उद्या पंधरा ऑगस्ट."

"सोमवारी चालत न्हाय. घरात माणूस उपाशी हाय."

"मग जेवायला सांगा की!"

मी सांगितलं. सगळं. नियम, सन्मती, मावळतीचं. माझा आवाज चढला असावा, कारण खालचा माग थांबला. ओमकारनं डिस्क हातात घेतली. फडकं नीट घडी करून मला परत दिलं. मग विचारलं, "हे संध्याकाळी बंद कसं करता?"

"भिंतीवरचं बटण. दिवस मावळला की घरातलं सगळं एकदम बंद. चातुर्मास हाय. त्या डिस्कचा निळा दिवा लुकलुकतोय, पावसाची पाखरं त्याच्यावर येत्यात, आपटून मरत्यात. जीवहत्या कशाला?"

"रोज?"

"रोज."

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "आजोबा, हिच्या आत तबकडी फिरत असती. आधी रिमोटनं डबा निजवायचा, डिस्क थांबली की मग बटण. तुम्ही काय केलासा — चालत्या मागाचा धोटा हातानं धरलासा. एक दिवस चालतंय, दहा दिवस चालतंय. एक दिवस सूत गुंतलंच."

"तुटलं?"

"गुंतलंय. तुटलंय का न्हाय ते बघावं लागंल. शब्द देत न्हाय. पण उद्या दुकान बंद ठेवून हेच करतो."

परत येताना बसमध्ये एकच विचार. पाखरं वाचवायला गेलो आणि घरातल्या माणसाचं ताट उपडं केलं.

घरी आलो तर प्रेमलाचे ओठ कोरडे. दुसरा उपास. तिला सांगावं की नाही? सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, बसायचा धीर नव्हता. ती छताकडं बघत होती.

"पाखरं वाचली न्हवं?"

"व्हय."

"मग झालं की. एक म्हातारी दोन दिवस जेवली न्हाय म्हणून काय बिघडत न्हाय." मग मान वळवून — "तुम्ही जेवला काय?"

"व्हय," म्हटलं. जेवलो होतो. निशाच्या स्वयंपाकघरात, दाराकडं पाठ करून, दोन भाकऱ्या. लिहितानाही लाज वाटते.

१४, पुन्हा

आक्काताईला फोन केला. माझी थोरली बहीण. सोलापूरकडं सन्मतीच्या संघाचा चातुर्मास आहे, तिथं ती आहाराच्या चौक्यात, माताजींच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात, सेवेला असते. म्हटलं, गावात या वर्षी कुणा महाराजांचा चातुर्मास नाही. नियम सोडवून द्यायला कोण? माताजींनीच सांगावं की, बाई, जेव.

"तवना, खुळा हाईस काय? ती आता तुझी लेक न्हाय."

"मला म्हाईत हाय. पण श्राविका म्हणून तरी? कुणीतरी एक बाई उपाशी हाय म्हणून सांग."

"सांगते. पण उत्तर येईल असं धरून बसू नगस. त्या ऐकत्यात, बोलत न्हाईत. मोह वाढंल असं काही त्या बोलणार न्हाईत."

संध्याकाळी तिचा फोन आला. कानावर घातलं म्हणाली. माताजींनी डोळे मिटले, माळ फिरवत राहिल्या. 

मी आक्काताईवरच ओरडलो. 

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडा झाला. शाळेतली गाणी ऐकू येत होती. प्रेमला त्या तालावर बोटं हलवत होती — का थरथरत होती? कळेना.

तिसरा उपास.

डॉक्टर येऊन गेले. रक्तदाब खाली गेलाय. सलाईन लावू म्हणाले. प्रेमला हात पदराखाली घेऊन पडली. "सुईतनं गेलं तरी अन्नच की ते." डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत काही पोटात गेलं नाही तर दवाखान्यात न्यावं लागेल, मग तिथं आम्ही तिचं ऐकणार नाही.

मी सन्मतीचा भिंतीवरचा फोटो काढून तिच्यासमोर धरला. "हिचं दर्शन घे आणि थोडं मुगाचं पाणी घे. देव समजून घेतोय."

"फोटो बोलतोय काय?"

"मी म्हणतो णमोकार. ती माझ्याकडनंच तर शिकली."

प्रेमला हसली. ओठ फुटले, जरा रक्त आलं. "तुमचा णमोकार म्हंजे बाजारातनं गूळ आणायला निघाल्यागत. सुटला की पळतोय!"

फोटो परत लावताना खिळा निघाला. भिंतीला टेकवून ठेवलाय.

श्रेयांसचा फोन — उद्याच्या विमानानं बेळगावला, सांबऱ्याच्या तळावर उतरतो, शहापुरातून डिस्क घेऊन येतो. मला ओरडला. "आप्पा, तुम्ही तिला ओरडून सांगत का न्हाई? बायको हाय न्हवं तुमची!" तुझीही आई आहे, तू सांग, म्हटलं. फोन तिच्या कानाला लावला. ती म्हणाली, "श्रेया, येताना जपून ये रं. पाऊस हाय." एवढंच.

ओमकारचा फोन नाही. तीन वेळा केला, उचलला नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार. सकाळ

ओमकारचा फोन! निघालं! सगळं नाही, पण पुष्कळ निघालं. नव्या डिस्कवर घातलंय.

पण एक अडचण. नावं सगळी गेली. श्रेयांसनं हौसेनं नावं दिली होती — 'मिरवणूक', 'मेंदी', 'आई आणि सन्मती'. आता नुसते आकडे. शेकडो तुकडे, प्रत्येकावर आकडा. णमोकार कुठल्या आकड्याखाली आहे ते ओमकारला कसं कळणार? त्याचं काय चुकलं!

प्रेमला आज डोळे उघडत नाही. हाक मारली की 'हं' म्हणते.

१६, दिवस मावळल्यावर

सगळं जसं झालं तसं लिहितो.

श्रेयांस चारला पोचला. आईच्या पायाला हात लावून तो सरळ टीव्हीच्या मागं गेला. नवी डिस्क जोडली — रिकामी चौकट!  श्रेयांस म्हणाला, घाबरू नका, डब्यातनं हिला करंट पुरत नाही, हिला स्वतःची पिन पाहिजे. ओमकारनं पिशवीत घातलीच होती. ती भिंतीत लावली. चौकट भरली. आकडे, आकडे, आकडे.

निशानं मुगाचं पाणी करून ठेवलं होतं. दोन घटका, म्हणजे पाऊण तास, दिवस असतानाच ताट पुढं यायला पाहिजे. म्हणजे वेळ थोडा.

पहिला तुकडा — कुणाचा तरी पाय. दुसरा — चिकोडीच्या लग्नातली पंगत. मग श्रेयांसच्या ऑफिसातली माणसं केक तोंडाला फासतात. "पुढं! पुढं!" मी ओरडत होतो. मग मिरवणूक, पण नुसती हत्तीची सोंड. मग पाऊस. मग मी! आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेला, घोरतोय, आणि मागून सन्मती हसते आहे. "आप्पांच्या तोंडात माशी जाईल, हिंसा हुईल!"

प्रेमलानं डोळे उघडले. "तिचा आवाज," म्हणाली. "पण हा मंत्र न्हवं."

ऊन समोरच्या कौलांवर चढलं. निशा दारात उभी राहून उन्हाकडं बघत होती आणि श्रेयांस आकडे दाबत होता. त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. मेंदी. पुन्हा मेंदी. एक तुकडा उघडेचना, बिघडलेला. मला वाटलं, तोच असणार. आमचं नशीब तेवढंच.

आणि मग आली. आईच्या मांडीवर डोकं, खिडकीतून सकाळ, तोंड हलतंय — आणि आवाजच नाही!

"तोंड हलालंय," प्रेमला म्हणाली. "आवाज कुठाय, श्रेया?"

"काढताना ह्या तुकड्याचा आवाज जरा बिघडलाय, डब्याला कळंना, लॅपटॉपला कळंल, आई. थांब. थांब." त्यानं डिस्क उपसली — उपसली नाही, आधी निजवली, मग काढली; एवढ्या घाईतही! — निशाच्या लॅपटॉपला जोडली आणि लॅपटॉपची वायर टीव्हीला. मी खिडकीत उभा. कौलांवरून ऊन आता माडाच्या शेंड्याला.

"णमो अरिहंताणं..."

घर भरलं. मला बघवेना, मी भिंतीकडं तोंड केलं. प्रेमलाचे हात आपोआप जुळले. संपूर्ण ऐकलं, मग पुन्हा एकदा लावायला सांगितलं. निशा रडकुंडीला आली — "काकू, वेळ!"

"झालं गं," म्हणाली. आणि तोंड उघडलं. निशानं चमच्यानं मुगाचं पाणी घातलं. अर्धी वाटी. मग तिनं स्वतः वाटी धरली.

श्रेयांस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभा राहिला. एवढा मोठा माणूस! त्यानं तो आवाज डब्याला कळेल असा करून घेतला आणि मला रिमोटनं डबा निजवायचं तीन-तीनदा शिकवलं. निळ्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. पाखरूही येणार नाही आणि सूतही गुंतणार नाही. सगळं दोन ठिकाणी ठेवतो म्हणाला. ढगातही ठेव, म्हटलं. ठेव बाबा.

१७ ऑगस्ट, रविवार

प्रेमला आत जेवते आहे. बसून जेवते आहे, तूप मागून घेतलं. टीव्हीवर सन्मती मंत्र म्हणते आहे.

आत्ताच आक्काताईचा फोन. कालच्या आनंदात तिला कळवायचंच राहून गेलं होतं, तेच सांगायला तोंड उघडलं तर ती आधी बोलली. माताजी शुक्रवारपासून उपाशी आहेत. रोज आहाराला निघतात — मनात एक खूण धरून, ती खूण समोर आली तरच हातात अन्न घ्यायचं, असा त्यांचा नेम. बायका नारळ घेऊन, कलश घेऊन, फुलं घेऊन दारोदार उभ्या राहतात. माताजी बघतात आणि परत फिरतात. आज तिसरा दिवस. खूण काय, कुणी विचारायचं नसतं. "तुझ्या घरी आधीच एक उपाशी, म्हणून तुला कळवलं न्हाय रं, तवना."

गुरुवारी आईचं कानावर गेलं आणि शुक्रवारपासून तिचा उपास. आत सांगितलेलं नाही. घास तिच्या हातात आहे.

फोनवर एवढंच म्हटलं — आक्काताई, माताजींच्या कानावर घाल. प्रेमला जेवली म्हणावं. पोटभर जेवली, तूप मागून जेवली म्हणावं. आत्ता जा. आणि काय झालं ते कळव — लगेच कळव.